माळावरचे शिकारी पक्षी ओळखायचे कसे? सुरुवात घारीपासून करा

शिकारी पक्षी शिकायचे म्हटलं की बहुतेक जण आधी गरुडांची चित्रं उघडून बसतात. पिंगट गरुड, ठिपकेदार गरुड, बुटेड गरुड. सगळे तपकिरी, सगळे एकमेकांसारखे. दोन-तीन फेऱ्यांत उत्साह मावळतो आणि मग आकाशात जे काही फिरेल ते ‘घार असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं सांगणं असं की आधी घारच शिका. इतकी पक्की शिका की दुर्बिणीशिवाय, पाठमोरी, ऊन डोळ्यांवर येत असतानाही ती घार आहे हे कळलं पाहिजे. एकदा ते जमलं की जे घार नाही ते आपोआप नजरेत भरायला लागतं, आणि पुढचं सगळं शिक्षण तिथून सोपं होतं.

हा लेख मुख्यतः दख्खनच्या पठारासाठी आहे: माळरानं, गायरानं, ज्वारी-हरभऱ्याची शेतं, उसाचा पट्टा, धरणांचे फुगवटे. सह्याद्री आणि किनाऱ्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

कधी आणि कुठे जायचं

ऑक्टोबर ते मार्च हा उत्तम काळ. घार, कापशी, शिक्रा, तिसा हे आपल्याकडे वर्षभर असतात. पण भोवत्ये, खरूची, कैकर (या सगळ्यांची ओळख पुढे येते) आणि बरेचसे गरुड पावसाळा सरताना उत्तरेकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत एकाच माळावर जितकी विविधता दिसेल तितकी मे महिन्यात दिसणार नाही.

दिवसातली वेळ त्याहून महत्त्वाची. उजाडल्यावर पहिले दोन तास पक्षी बसलेले सापडतात. तारांवर, बाभळीच्या शेंड्यावर, बांधावरच्या दगडावर. पिसं नीट बघायची असतील तर हीच वेळ. साधारण नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते आणि मोठे पक्षी त्या हवेवर स्वार होऊन पंख न हलवता उंच जातात. गरुड शोधायचे असतील तर नऊ ते साडेअकरा आकाशाकडे लक्ष ठेवा. दुपारी बहुतेक सगळे इतके उंच जातात किंवा सावलीला बसतात की आपणही डबा सोडावा हे बरं. संध्याकाळी चारनंतर पुन्हा जाग येते. सूर्य मावळताना गवताळ भागात भोवत्ये मुक्कामाला उतरतात, आणि तो अर्धा तास पूर्ण दिवसाच्या मोलाचा असतो.

जागा निवडताना अभयारण्याचंच नाव हवं असं नाही. गावाबाहेरचं गायरान, जिथं मेंढ्या चरतात आणि गवत गुडघ्याच्या आत आहे, ते चालेल. ठरवून जायचं असेल तर बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूरकडची कडबनवाडी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी, सोलापूरजवळचं नान्नज ही सगळी माळरानं आहेत. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं, पण शिकारी पक्ष्यांसाठीही ते तितकंच चांगलं. पाण्याकाठचे शिकारी बघायचे तर उजनीचा फुगवटा. भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळहून होड्या मिळतात.

सरकारी कागदावर यातल्या बऱ्याच जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. त्या शब्दामुळे माळरानाचं जितकं नुकसान झालं तितकं क्वचितच कशानं झालं असेल. ‘हिरवं करायचं’ म्हणून तिथं दाट झाडं लावली की गवत जातं, गवताबरोबर उंदीर, सरडे, टोळ जातात आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही जातात. माळावर फिरताना हे ध्यानात असू द्या, कारण तुम्ही केलेल्या नोंदी पुढे हेच सांगायला उपयोगी पडतात.

सोबत काय न्यायचं

८ × ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. १० × ची दुर्बीण मोठं दाखवते, पण हात थरथरला की तेही मोठं दिसतं आणि उडता पक्षी चौकटीत पकडणं अवघड जातं. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघू नका. आकाश चाळताना सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवायचा. मळकट, मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, छोटी वही आणि पेन्सिल. गवतात चालायचं तर पायात बूट हवेत, फुरसं-घोणस याच भागात असतात. धनगरांचा वाडा दिसला तर लांबूनच आवाज द्या. त्यांची कुत्री राखणीची असतात.

गाडी असेल तर तिचाच आडोसा करा. तारेवरचा पक्षी माणूस उतरला की उडतो, पण थांबलेल्या गाडीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष करतो. इंजिन बंद करा, काच आधीच खाली घेतलेली असू द्या, दार उघडू नका.

पहिली पायरी: घार

एक सकाळ फक्त घारींसाठी राखून ठेवा. मटणमार्केट, कचरा डेपो, कोंबड्यांचं खुराड असलेली वस्ती, जिथं घारी जमतात तिथं उभं राहा.

घार सुमारे ६० सेंटिमीटर लांब, म्हणजे डोमकावळ्याहूनही बरीच मोठी. रंग तपकिरी. उडताना पंख सरळ काठीसारखे नसतात, मनगटापाशी मागे वळलेले असतात. पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. पंखाखाली, बोटांच्या अलीकडे एक फिकट डाग. आणि शेपटी: ती मधे खाचलेली, दुभंगलेली.

आता या शेपटीकडेच दहा मिनिटं बघत राहा. घार वळताना आधी शेपटी तिरकी करते, एक बाजू वर, एक खाली. होडीच्या सुकाणूसारखी ती सारखी हलत असते. वारा बदलला की शेपटी बदलते. गरुडाची शेपटी अशी वळवळत नाही. शेपटी पूर्ण पसरली की मधली खाच मिटते आणि कड जवळजवळ सरळ दिसते. नवशिक्याला इथंच ‘वेगळा पक्षी’ सापडल्यासारखं वाटतं. म्हणून एका नजरेत निकाल देऊ नका, ती शेपटी मिटेपर्यंत थांबा. कोवळ्या घारींची खाच उथळ असते आणि अंगावर फिकट रेघा-ठिपके असतात, हेही पाहून ठेवा.

मग ब्राह्मणी घार शोधा. तळी, भातखाचरं, नदीकाठ इथं ती मिळते. मोठ्या पक्ष्याचं डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी, त्यामुळे चूक होत नाही. पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि घारीत सहज खपून जातं. तेव्हा शेपटीचं टोक बघायचं: ब्राह्मणीचं गोल, घारीचं खाचलेलं. दोन्ही एकाच आकाशात बघायला मिळाल्या तर फरक कायमचा डोक्यात बसतो.

दुसरी पायरी: रंग सोडा, आकार आणि वागणं बघा

उजळ आकाशासमोर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. त्यात शिकारी पक्ष्यांचा रंग वयाप्रमाणे बदलतो, काही जातींत एकाच वयाचे दोन-तीन रंगही असतात. त्यामुळे पक्षी दिसताच चार प्रश्न विचारायची सवय लावा. घारीपेक्षा मोठा की लहान? पंख टोकदार की रुंद, फाकलेल्या बोटांचे? शेपटी लांब की आखूड, आणि टोक कसं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो करतोय काय?

शेवटच्या प्रश्नावरच अर्धा निकाल लागतो. म्हणून पुढे मी पक्षी कुळांप्रमाणे न घेता त्यांच्या कामाप्रमाणे घेतले आहेत.

हवेत एका जागी थांबणारे

माळावर एखादा पक्षी हवेत एका बिंदूला खिळल्यासारखा, पंख फडफडवत, मान खाली घालून उभा दिसला तर उत्तर बहुधा तीनपैकी एक.

कापशी सर्वांत जास्त दिसते. कावळ्याहून लहान, राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे. शेताच्या कडेला विजेच्या तारेवर बसलेला पांढुरका पक्षी बहुतेकदा हाच. तारेवर बसलेली असताना ती शेपटी हलकेच वर-खाली करते. लांबून रंग दिसत नसला तरी ही लकब दिसते. हिची शिकार बघण्यासारखी असते. ज्वारीच्या कडेला ती तीसेक फुटांवर थांबते, पंख झपाझप हलत असतात, डोकं मात्र तसूभर हलत नाही. मग पंख पाठीवर इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरून, पाय लोंबते सोडून थोडी खाली येते. पुन्हा थांबते. पुन्हा थोडी खाली. अशा दोन-तीन टप्प्यांनंतर एकदम दगडासारखी पडते आणि बहुधा उंदीर घेऊन उठते. जिथं उंदीर भरपूर असतील तिथं ती वर्षात एकाहून अधिक वेळा वीण करते. शेतकऱ्याच्या इतक्या कामाचा पक्षी तसा दुर्मीळच, पण गावात विचाराल तर फार थोड्यांना तिचं नाव माहीत असतं.

खरूची हिवाळ्यात येते. तीही अशीच थांबते, पण ती ससाण्यांपैकी: पंख लांब आणि टोकदार, शेपटी लांब, पाठ विटकरी तांबूस. नराचं डोकं आणि शेपटी राखाडी. शेपटीच्या टोकाला जाड काळी पट्टी. पांढरी असेल तर कापशी, तांबूस असेल तर खरूची, इतकं साधं सूत्र सुरुवातीला पुरतं. उघड्या टेकड्या, कडे, खाणी इथं तिचा वावर जास्त.

तिसरा सापमार गरुड. हा चांगलाच मोठा, आणि इतका मोठा पक्षी हवेत थांबून जड पंख मारताना बघणं हा वेगळाच अनुभव. खालून पांढुरका, बऱ्याचदा डोकं-गळा गडद, पंखांवर ठिपक्यांच्या रांगा. कधी कधी चोचीतून सापाची शेपटी लोंबत असते. डोकं घुबडासारखं गोल आणि मोठं दिसतं.

जमिनीलगत तरंगणारे

गवतावर पाच-दहा फुटांवरून एखादा सडपातळ पक्षी पंख किंचित वर धरून, डावी-उजवीकडे झुलत, मधेच मागे फिरत जात असेल तर तो भोवत्या. त्याचं काम ठरलेलं: माळ पट्ट्या-पट्ट्यांनी चाळायचा, कान आणि डोळे दोन्ही वापरून. उंदीर, चंडोलासारखे लहान पक्षी, टोळ, नाकतोडे हे त्याचं खाणं. हे पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात, आणि तिथून आलेल्यांना आपलं गवत हवं असतं.

पाण्याकाठच्या पाणकणसात फिरणारा दलदली भोवत्या जाडजूड. मादी गडद तपकिरी आणि तिचं डोकं मलईच्या रंगाचं. उजनीला बदकांचा थवा अचानक उठला तर खाली नजर टाका, हीच असण्याची शक्यता मोठी.

माळावर मुख्यतः दोन: मॉन्टेग्यूचा आणि पांढुरका. नर ओळखणं अवघड नाही. पांढुरक्याचा नर अगदी फिकट, पंखाच्या टोकाला अरुंद काळी पाचर. मॉन्टेग्यूचा नर जास्त गडद राखाडी आणि पंखावर मधून जाणारी एक काळी रेघ. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्हींची तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा असलेली. त्यांच्यावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नका. वहीत ‘भोवत्या मादी, मॉन्टेग्यू किंवा पांढुरका’ असं लिहिणं ही चांगली, प्रामाणिक नोंद आहे.

संध्याकाळी मुक्कामाची जागा सापडली तर दोनशे मीटर दूर थांबा. भोवत्ये जमिनीवर, गवतातच झोपतात. तुम्ही जवळ गेलात आणि ते अंधारात उठले तर रात्रभर त्यांना पुन्हा सुरक्षित जागा मिळेल याची खात्री नसते.

झाडीतून झडप घालणारे

शिक्रा गावात, परसात, कोंबड्यांजवळ, शहरातल्या बागेतही असतो. कबुतराएवढा, पंख आखूड, गोलसर, शेपटी लांब, आडव्या पट्ट्यांची. चार-पाच वेळा भराभर पंख मारायचे, मग थोडं तरंगायचं, पुन्हा पंख मारायचे, अशी त्याची चाल. मोठ्या पक्ष्याच्या छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा असतात. पिल्लाच्या छातीवर तपकिरी उभे थेंब. मोठ्या नराचे डोळे लालसर, पिल्लाचे पिवळे. मादी नरापेक्षा मोठी असते, आणि बहुतेक शिकारी पक्ष्यांत असंच असतं.

इथं पावशा फसवतो. ‘पेरते व्हा’ म्हणणारा हाच तो. राखाडी पाठ, पट्ट्यांची लांब शेपटी, उडण्याची ढबही शिक्र्यासारखी. इतकी की लहान पक्षी त्यालाही घाबरून ओरडतात. तो बसला की बघा: शिक्रा ताठ बसतो, चोच आकडीसारखी वाकडी, पाय लांब पिवळे आणि नख्या दिसणाऱ्या. पावशा फांदीवर जरा आडवा, चोच बरीचशी सरळ, पाय आखूड. एप्रिल ते जुलै हा गोंधळ सर्वाधिक होतो, कारण त्याच काळात पावशा गात असतो.

तिसा या मंडळींतला शांत. काटेरी खुरट्या झुडपांच्या भागात, खांबावर किंवा बाभळीवर ताठ बसलेला, कावळ्याएवढा तपकिरी पक्षी. डोळे पांढरट, पांढऱ्या गळ्यावर मधोमध गडद रेघ, मानेच्या मागे बऱ्याचदा पांढरा ठिपका. तो बराच वेळ हलत नाही, म्हणून निरखायला फार चांगला.

ससाणे वेगळेच. बहिरी ससाणा झेप घेताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळे तो दिसण्याआधी त्याचा परिणाम दिसतो: पाण्यावरचे सगळे पक्षी एकाच वेळी उठतात, कबुतरांचा थवा आवळला जातो. मग वर बघायचं. टोकदार पंख, भरीव छाती, गालावर गडद मिशी. सह्याद्रीच्या कड्यांवर याचीच इथली उपजात राहते, पोटाखाली तांबूस असलेली. तिला शाहीन म्हणतात.

नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आसपास अमूर ससाण्यांवर नजर ठेवा. पूर्व आशियातून निघालेले हे लहान ससाणे ईशान्य भारतात थांबून पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. लाल पाय आणि हवेतच चतुर पकडून खाण्याची सवय ही त्यांची खूण.

उंच घिरट्या घालणारे

गरुड शेवटी घ्या. घारीहून मोठा, पंख रुंद, शेपटी न वळवणारा पक्षी दिसला की आधी पंखांची ठेवण बघा. सर्पगरुड पंख थोडे वर उचलून धरतो, आणि खालून पंखाच्या कडेला आरपार रुंद पांढरा पट्टा असतो. तो उडता उडता शीळ घालतो; झाडीच्या डोंगरात आवाज आधी येतो आणि पक्षी मग सापडतो. बोनेलीचा गरुड बऱ्याचदा जोडीनं, डोंगरकड्यांच्या आसपास: पोट पांढरं, पंखाखाली गडद पट्टा, राखाडी शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. पिंगट गरुड माळावर, मेलेलं जनावर टाकलेल्या जागी, घारी-कावळ्यांसोबतही दिसतो.

बुटेड गरुड विशेष सांगायला हवा, कारण तो घारींच्या घोळक्यात दडतो. आकारानं घारीहून थोडा लहानच. त्याच्या दोन रंगांच्या तऱ्हा आहेत: एक खालून पांढरट आणि पंखांची मागची बाजू काळी, दुसरी सगळी गडद. दोन्हींत शेपटीला खाच नसते, आणि तो समोरून येताना मान जिथं पंखांना मिळते तिथं दोन पांढरे ठिपके चमकतात. हिवाळ्यात घारींचा थवा दिसला की एकेक शेपटी मोजत जा. खाच, खाच, खाच, आणि मधेच एक सरळ. घारीवर घालवलेली ती सकाळ इथं वसूल होते.

इतर पक्ष्यांचं ऐका

आपल्या दोन डोळ्यांपेक्षा माळावरचे शंभर डोळे चांगले. कोतवाल कुणाच्या तरी पाठीवर चोची मारत उडतोय म्हणजे पुढचा पक्षी शिकारी. टिटवी जमिनीवरच्या कोल्ह्या-कुत्र्यावर ओरडते तशी आकाशावरही ओरडते. तिनं मान तिरकी करून वर बघितलं तर तुम्हीही बघा. सातभाईंचा गलका, खारीची एकसुरी चिकचिक, साळुंक्यांचा कर्कश आवाज एकाच झाडाभोवती होत असेल तर आत शिक्रा, घुबड किंवा साप. आणि सगळीकडे एकदम शांतता पसरली, तरीही वर बघा. कोतवाल मात्र शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा निव्वळ आवाजावरून नोंद करू नका.

शेतीचं वेळापत्रक पाठ ठेवा

ऊसतोड चालू असलेला फड गाठा. तोडणी शेवटच्या सरींपर्यंत येते तेव्हा आत कोंडलेले उंदीर बाहेर पळतात आणि घारी, कापशी, कधी गरुडही तिथं हजर असतात. नांगरट चालू असेल तर ट्रॅक्टरमागे बगळ्यांबरोबर घारी चालतात. गवताला वणवा लागला तर धुराच्या कडेला टोळ खायला पक्षी जमतात. पण वणवा दिसला तर पक्षी बघण्याआधी वनविभागाला कळवा. पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाली वाळवी उठते, त्या संध्याकाळी घारी आणि लहान ससाणे ती हवेतच टिपतात.

मेंढपाळांशी बोला. मेलेलं जनावर कुठं टाकलं, कुठल्या लिंबाच्या झाडावर ‘मोठी घार’ बसते, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी माहीत असतं.

पक्षी नसतानाही खुणा असतात. कापशीच्या नेहमीच्या खांबाखाली राखाडी गोळ्या पडलेल्या सापडतात: न पचलेले केस आणि हाडं ती ओकून टाकते. काडीनं उलगडल्या तर आत उंदराची कवटी आणि पिवळे दात सापडतात. कड्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले तर ती ससाण्याची किंवा गिधाडांची बसण्याची जागा.

सह्याद्री आणि किनारा

सह्याद्रीच्या दाट झाडीवर पंख जवळजवळ न हलवता, झाडांच्या शेंड्यांना लागून अतिशय संथ फिरणारा काळा पक्षी म्हणजे काळा गरुड. पंख बुडाशी अरुंद, टोकाला रुंद, बोटं फार लांब. तो इतर पक्ष्यांची घरटी शोधत फिरतो.

लांब चोचीची गिधाडं कड्यांवर घरटी करतात, नाशिकजवळच्या अंजनेरीला ती बघता येतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं झाडांवर घरटी करतात. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळचं चिरगाव त्यासाठी ओळखलं जातं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते पोटात जाऊन, ही गिधाडं जवळजवळ संपली. त्या औषधावर जनावरांसाठी २००६ साली बंदी आली, केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर २०२३ साली. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलणं हेही पक्षीनिरीक्षकाचंच काम आहे.

किनाऱ्यावर, सिंधुदुर्गात आणि गोव्यात, समुद्रगरुड शोधा: पांढरं पोट, काळ्या कडांचे पंख वर उचललेले, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी. कैकर धरणांवर आणि खाड्यांवर हिवाळ्यात येतो. डोळ्यावरून गडद पट्टा, पंख कोपरात वाकलेले, पाण्यात पाय पुढे करून उडी आणि मासा डोकं पुढे धरून नेण्याची पद्धत.

नोंद कशी करायची

पक्षी समोर असताना पुस्तक किंवा मोबाइल उघडू नका. आधी बघा, मग तो गेल्यावर लिहा: तारीख, वेळ, जागा, अधिवास, आकार, पंख, शेपटी, काय करत होता. एक वेडंवाकडं रेखाटन शब्दांपेक्षा उपयोगी पडतं. फोटो काढत असाल तर पंख पूर्ण पसरलेला खालचा एक आणि वरचा एक मिळवा. आकाशासमोर कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) एक टप्पा वाढवा, नाहीतर नुसती काळी आकृती येते. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. न ओळखलेले पक्षीही ‘गरुड, जात निश्चित नाही’ म्हणून टाकता येतात.

घरट्याची जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. घरट्यापाशी माणसांची रांग लागली की आई-बाप दूर राहतात, पिल्लं उन्हात तापतात आणि कावळे संधी साधतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, फोटोसाठी उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू बांधणं, हे पूर्ण वर्ज्य. पावसाळ्यात गवतात फार आत शिरू नका, टिटव्या आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. बांध ओलांडण्याआधी शेतमालकाला विचारा.

जानेवारीत पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या घारी सापडतात, वर्षभर विजेच्या धक्क्यानं पडलेले पक्षीही. असा पक्षी दिसला तर टॉवेल टाकून डोकं झाका, नख्यांपासून सांभाळा. चोचीपेक्षा पायच जास्त इजा करतात. मांजा ओढू नका, पक्ष्यापासून थोडं अंतर ठेवून कापा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. पाणी किंवा खाणं तोंडात कोंबू नका. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक लावा आणि जागेची नीट खूण सांगा: गाव, रस्ता, जवळचा खांब किंवा विहीर. हे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे ‘बरा होईपर्यंत घरीच ठेवू’ असं करू नका. वनविभागाची माणसं येईपर्यंत खोक्याजवळ कुणीतरी थांबा आणि कुत्र्या-मांजरांना व बघ्यांना लांब ठेवा.